थॅलेसेमियाची व्याख्या येते. पुढच्या बाळाचं काय, हे सांगता येतं का?

बेळगावात एम.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. प्रबंधाचा विषय: आनुवंशिक आजारांविषयी बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं ज्ञान आणि दृष्टिकोन. त्यासाठी बहुपर्यायी प्रश्न आणि 'सहमत-असहमत' विधानं अशी प्रश्नावली तयार केली. पायलटमध्ये, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीत, मुलांना गुण चांगले पडले, दृष्टिकोनही 'अनुकूल' निघाला. पण खानापूर भागात पोस्टिंगला गेल्यावर हीच मुलं बायकांच्या साध्या प्रश्नांपुढे गप्प बसतात. मग प्रश्नावलीत नेमकं चुकलं काय?

तुमच्या प्रश्नावलीनं पाठांतर मोजलं, आणि ते बरोबरच मोजलं. थॅलेसेमिया (रक्त नीट न बनण्याचा आजार) ऑटोसोमल रिसेसिव्ह आहे, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच होतो, हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आजार) एक्स-लिंक्ड आहे, म्हणजे त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र एक जास्त असतं, हे आपल्या मुलांना येतं. २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात जेनेटिक्स चौथ्या सत्रात पॅथॉलॉजीला जोडून येतं. परीक्षेपुरतं घोटून होतं आणि प्रसूतिशास्त्राची किंवा कम्युनिटीची पोस्टिंग लागेपर्यंत मागे पडतं. तुम्हाला हवं आहे ते वेगळंच. समोर बसलेल्या आईला हा विद्यार्थी पुढची दोन वाक्यं काय सांगेल, हे तुम्हाला मोजायचं आहे. मग तेच विचारा.

थॅलेसेमियाचंच घ्या. पहिल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं आणि आई पुन्हा गरोदर आहे. ती विचारते, "चारात एकाला होतं म्हणाले डॉक्टर. एकाला झालं की आता. म्हणजे पुढच्या तिघांना काही नाही ना?" २५ टक्के हा आकडा मुलांना येतो, पण या आईला 'नाही, तसं नसतं' हे समजेल अशा शब्दांत सांगणारा विद्यार्थी वर्गात क्वचित सापडतो. काही जण तर तिच्या म्हणण्याला मान डोलावून मोकळे होतात. हे अज्ञान बहुपर्यायी प्रश्नात दिसतच नाही, कारण तिथे '२५ टक्के' यावर खूण केली की पूर्ण गुण.

मी हे चिंचोक्यांनी शिकवते. चिंचोका मधून फोडला की एक बाजू काळी, एक पांढरी. पटावर दान टाकायला आपल्याकडे हेच वापरत. एक अर्धा चिंचोका आईचा, एक वडिलांचा. काळी बाजू म्हणजे चांगलं जनुक, पांढरी म्हणजे बिघडलेलं. दोन्ही टाकायचे. दोन्ही पांढरे पडले तर बाळ आजारी, एक काळा एक पांढरा पडला तर आईबापासारखंच वाहक, दोन्ही काळे पडले तर मोकळं. मग विचारायचं, मागच्या वेळी दोन्ही पांढरे पडले होते, हे चिंचोक्यांना आठवतं का? बाई स्वतः चार-सहा वेळा टाकून बघते आणि तिला कळतं, की दर गरोदरपणी डाव नव्यानं पडतो. 'वाहक' म्हणजे काय, हेही त्यातच सांगून होतं: आईबाप दोघंही ठणठणीत, दोघांकडे एकेक पांढरी बाजू. तुमच्या विद्यार्थ्यांना हातात चिंचोके द्या आणि 'या आईला समजावून सांग' म्हणा. दोन मिनिटांत ज्ञानाची परीक्षा होते.

वाहकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघा. भारतात सरासरी तीन ते चार टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत आणि दरवर्षी दहा हजारांहून जास्त बाळं थॅलेसेमिया मेजर (दोन्ही जनुकं बिघडलेला, रक्त चढवावा लागणारा प्रकार) घेऊन जन्मतात. म्हणजे ओपीडीत आलेल्या गरोदर बायकांमध्ये वाहक असणारच. पण त्या कशा दिसतात? हिमोग्लोबिन साडेनऊ-दहा, 'रक्त कमी' असा शिक्का, लोहाच्या गोळ्या, पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढंच हिमोग्लोबिन, आणि मग सिस्टरचा ठरलेला वार: "गोळ्या खात नाहीस तू, फेकून देतेस." बिचारी इमानदारीनं खात असते. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) ६५ आणि लाल पेशींची संख्या मात्र पन्नास लाखांच्या वर, असं काही असलं तर शंका यायला हवी. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात तशी त्यांची संख्याही सहसा घटते. वाहकात पेशी लहान पण संख्येनं भरपूर. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येनं (दशलक्षात) भागलं आणि उत्तर १३ च्या खाली आलं, तर थॅलेसेमियाची शंका धरायची आणि एचपीएलसीला (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या तपासणीला) पाठवायचं. एचबी ए-टू (त्यातला एक प्रकार) साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर आलं की वाहक. लोह फारच कमी असेल तर हा आकडा खोटा खाली येऊ शकतो, तेवढं ध्यानात ठेवायचं. आणि वाहक निघाली म्हणून लोह सरसकट बंद करायचं नाही. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) बघून ठरवायचं.

एचपीएलसी सगळीकडे नसतं. पण नेस्ट्रॉफ्ट नावाची साधी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. एका परीक्षानळीत ०.३६ टक्क्यांचं बफर केलेलं सलाईन, त्यात रक्ताचा एक थेंब, अर्धा तास थांबायचं. मग पांढऱ्या कागदावर काळी रेघ ओढून नळी तिच्यापुढे धरायची. नळीतून रेघ स्वच्छ दिसली तर निगेटिव्ह: साध्या पेशी इतक्या पातळ सलाईनमध्ये फुटून द्रव नितळ होतो. रेघ धूसर किंवा दिसेनाशी झाली तर पॉझिटिव्ह, कारण वाहकाच्या पेशी फुटायला चिवट असतात आणि द्रव गढूळच राहतो. ही नळी ज्या विद्यार्थ्यानं एकदा हातात धरली तो 'वाहक' विसरत नाही. आपल्याकडच्या किती कॉलेजांच्या प्रात्यक्षिकात ती असते, हाही तुमच्या प्रबंधाचा एक प्रश्न होऊ शकतो.

पुढची अडचण वेळेची, आणि तिच्यावर पुस्तकात ओळही नसते. बायको वाहक निघाली की नवऱ्याची तपासणी, दोघंही वाहक असले तर दोघांची डीएनए तपासणी, मग बाळाची. वारेचा तुकडा घेऊन करायची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत, गर्भजलाची साधारण १६ आठवड्यांपासून. आणि आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. बाई तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर मातेचं कार्ड) काढायला येते तीच चौथ्या महिन्यात. मग रक्ताचे रिपोर्ट, मग नवऱ्याला बोलवा. तो पुण्याला किंवा गोव्याला कामाला असतो. असं करता करता पाचवा लागतो. "या बाईला आज काय सांगाल आणि कुठल्या तारखेपर्यंत काय व्हायला हवं?" असा प्रश्न घाला. इथं विद्यार्थ्याचं ज्ञान आणि दृष्टिकोन दोन्ही एकदम दिसतात: तो तारखा मोजतो, की 'इतक्या उशिरा का आलीस' म्हणून तिलाच झापतो.

आता दृष्टिकोन. 'आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना समान वागणूक मिळाली पाहिजे' या विधानाशी कोण असहमत होणार? परीक्षेच्या खोलीत, गाईडसमोर, सगळेच सज्जन असतात. 'अनुकूल' आलेला तुमचा आकडा त्यांच्या सभ्यतेचा आहे. त्याऐवजी असं विचारा: "तुमच्या भावाला स्थळ आलंय. मुलगी शिकलेली, घर चांगलं. तपासणीत मुलगी थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक, निघाली, भाऊ नाही. घरी काय सांगाल?" शास्त्राप्रमाणे उत्तर सरळ आहे: एकच जण वाहक असेल तर मुलांना मेजर होत नाही, लग्नाला काहीच आडकाठी नाही. बघा किती जण 'दुसरं स्थळ बघा' लिहितात. मग तोच प्रश्न उलटा करा, भाऊ वाहक आणि मुलगी मोकळी. दोन्ही उत्तरांत जो फरक पडेल तो तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात मोलाचा आकडा ठरेल असं मला वाटतं. अर्ध्या विद्यार्थ्यांना पहिला आणि अर्ध्यांना दुसरा द्या, चिठ्ठ्या टाकून. एकालाच दोन्ही दिले तर तो सावध होतो.

दोष कुणावर जातो हे पाहायचंय, म्हणून हा खटाटोप. थॅलेसेमियात अर्धं बापाकडून येतं, तरी घर सुनेलाच धरतं. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, पोटुशी असताना तिन्हीसांजेला वेशीबाहेर गेली म्हणून बाधा झाली, हे आपण ऐकत वाढलोय. विद्यार्थीही याच घरांतले. ग्रहणाला ते हसतात; मात्र 'तू वेळेवर सोनोग्राफी केली नाहीस', 'तू गोळ्या खाल्ल्या नाहीस' असं आधुनिक भाषेत बोलून दोष पुन्हा तिच्याच पदरात टाकतात. फॉलिक ॲसिड न घेतल्याचा संबंध मेंदू-मणक्याच्या व्यंगाशी आहे हे खरं, आणि ते आधी सांगायलाच हवं. बाळ हातात आल्यावर सांगून काय होणार?

मग येतो नात्यातल्या लग्नांचा विषय. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण सीमाभागात याला बगल देऊन चालत नाही. मराठी घरांत मामाची मुलगी करायची पद्धत. कन्नड घरांत त्याच्या जोडीला अक्काच्या मुलीशी, म्हणजे सख्ख्या भाचीशी लग्न करण्याचीही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातली एक चतुर्थांशाहून जास्त लग्नं नात्यातली निघाली. देशात हे प्रमाण तेव्हा तमिळनाडू आणि कर्नाटकातच सर्वात जास्त होतं. आते-मामे भावंडांत जनुकांचा आठवा हिस्सा सामाईक असतो, मामा-भाचीत चौथा. एवढं मुलांना शिकवलं जातं. पण त्यावरून ती दोन चुकीचे निष्कर्ष काढतात.

पहिला: नात्यात लग्न केलं की मूल अपंग होणारच. कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता दोन-तीन टक्के असते. आते-मामे भावंडांच्या लग्नात तिच्यात आणखी दोन-तीन टक्क्यांची भर पडते. मामा-भाचीत त्याहून थोडी अधिक. म्हणजे अशा जोडप्यांच्या बहुसंख्य मुलांना काहीही झालेलं नसतं, आणि गावाला हे डोळ्यांनी दिसतं. तुम्ही 'अपंगच होणार' म्हणालात की बाई मनात आपली चार धडधाकट भाचरं मोजते आणि तुमचं पुढचं काहीच ऐकत नाही. दुसरा निष्कर्ष: सगळे आनुवंशिक आजार नात्यातल्या लग्नामुळेच. डाऊन सिंड्रोमचा त्याच्याशी संबंध नाही. एक्स-लिंक्ड आजारांतही मुलाला बिघडलेलं जनुक येतं ते आईकडून. नवरा तिचा कोण लागतो यानं काही फरक पडत नाही. नात्यातल्या लग्नानं वाढतात ते रिसेसिव्ह आजार, आणि तेही दोघांकडे तेच बिघडलेलं जनुक असेल तरच.

वर्गात हा विषय काढताना एक पथ्य पाळा. समोरच्या बाकांवर बसलेल्यांपैकी कित्येकांचे आईवडील मामा-भाची किंवा आते-मामे आहेत. 'अशी लग्नं अडाणी लोक करतात' असा सूर शिक्षिकेनं लावला की ती मुलगी मान खाली घालते आणि आनुवंशिकतेचा धडा तिच्यापुरता संपतो. जमीन घरात राहते, हुंड्याचा ताण कमी, सासू म्हणजे आत्याच, मुलगी परकी होत नाही: लोकांकडे कारणं असतात आणि ती मूर्खपणाची नाहीत. कामाचं वाक्य असं: "लग्न झालंय, छान. आता दोन्हीकडची माणसं सांगा, मी कागदावर मांडते." आणि वंशवृक्ष काढायचा. नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ, चौकोन पुरुष, वर्तुळ बाई, गेलेल्यावर तिरकी रेघ. आजार विचारायचाच, शिवाय 'लहानपणी गेलेलं कुणी?', 'दिवस जाऊन राहिले नाहीत असं कुणाचं?', 'बोलायला-ऐकायला येत नाही असं कुणी?' हेही विचारायचं. नुसतं 'घरात कुणाला आनुवंशिक आजार?' विचारलं की उत्तर एकच, "तसलं काय नाही बाई आमच्यात." तुमच्या परीक्षेत वंशवृक्ष काढायला लावाच, एका कागदावर दहा मिनिटांत विद्यार्थ्याची पारख होते.

बघायची नजर हा आणखी एक भाग, आणि तो कागदावर कमीच पकडता येतो. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं (मुलग्यांचे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एक्स-लिंक्ड आजाराचं) उदाहरण मी मुद्दाम वापरते, कारण आपल्या भागाला तालमीचं वेड. चार-पाच वर्षांचा मुलगा, पोटऱ्या भरदार, आजोबा कौतुकानं म्हणतात, पैलवान होणार पठ्ठ्या. त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगा. तो आधी पालथा होतो, हात-पाय टेकून कंबर वर घेतो, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा आपल्याच पायांवर हात चढवत उभा राहतो. याला गॉवर्स साइन म्हणतात हे मुलांना पाठ असतं. पण अंगणवाडीत तोच मुलगा समोर उठला तरी त्यांचं लक्ष पोटऱ्यांच्या कौतुकात. जिना चढताना कठडा धरतो, सारखा पडतो, या तक्रारी 'अशक्त आहे, टॉनिक द्या'वर निभावतात. सीपीकेची (स्नायू झिजले की रक्तात वाढणाऱ्या घटकाची) एक रक्ततपासणी केली असती तर निदानाची दोन-तीन वर्षं वाचली असती. स्टेरॉइड आणि फिजिओथेरपी वेळेत सुरू झाली असती आणि आईला पुढच्या गरोदरपणाआधी कळलं असतं. इथं वंशवृक्षात आईच्या माहेरची बाजू नीट विचारावी लागते: मामा, मावशीची मुलं. साधारण तिनांत एका मुलात मात्र बिघाड नव्यानंच झालेला असतो, आई वाहक नसते. म्हणून 'तुझ्याकडूनच आलंय' हे वाक्य तपासणीआधी तोंडातून निघता कामा नये. प्रश्नपत्रिकेऐवजी या उठण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दाखवा, पालकांची परवानगी आणि चेहरा झाकणं हे आलंच, आणि 'काय दिसलं ते लिहा' म्हणा.

डाऊनबद्दल फार लिहीत नाही. आईचं वय वाढलं की शक्यता वाढते, पस्तिशीला साधारण ३५० त एक, चाळिशीला शंभरात एक, हे सगळ्यांना येतं. त्यामुळे बावीस वर्षांच्या आईच्या बाळाकडे ते त्या नजरेनं बघतच नाहीत. बाळंतपणं तरुण वयात जास्त, म्हणून अशी बरीचशी बाळं तरुण आयांचीच असतात. एवढाच एक प्रश्न पुरे.

कायद्याबद्दलचं अज्ञान मात्र तपासाच. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या डोक्यात गर्भजल तपासणी म्हणजे गुन्हा असं पक्कं बसलंय. १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे ती लिंग बघण्यावर आणि सांगण्यावर. जनुकीय आजारासाठीची तपासणी नोंदणी झालेल्या केंद्रात, ठरवून दिलेल्या कारणांसाठी कायदेशीर आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये बदल झाला. बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं मार्ग आहे. अर्थात निर्णय जोडप्याचा. 'पाडून टाका' हा सल्ला आणि 'देवानं दिलंय, ठेवा' हा सल्ला, दोन्ही आपल्या कामात बसत नाहीत. तुमच्या गुणदान तक्त्यात दोन्हींना सारखेच उणे गुण ठेवा.

कुटुंबाला पुढे कुठं पाठवायचं, यातही मुलं अडखळतात. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आणि शाळा-अंगणवाड्यांतून सापडलेली मुलं पुढे पाठवण्यासाठी जिल्हा पातळीवर केंद्र असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहेत, म्हणजे प्रमाणपत्र मिळू शकतं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेच्या १७ राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही आहेत. दुर्मीळ आजारांच्या धोरणाखालच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक बेंगळुरूत, एक मुंबईच्या केईएममध्ये. कर्नाटकातल्या निपाणीचं घर कोल्हापूर-मिरजेकडे बघतं, महाराष्ट्रातल्या चंदगडचं बेळगावकडे. कार्ड कुठल्या राज्याचं यावर पुढचा रस्ता ठरतो, म्हणून पत्ता आणि कार्ड आधी विचारायचं.

आता तुमच्या साधनाची फेररचना. बहुपर्यायी प्रश्न दहावर आणा. पाच प्रसंग घाला, प्रत्येकात आईच्या तोंडचं एक वाक्य, आणि विद्यार्थ्यानं तिला सांगायची दोन-तीन वाक्यं लिहायची. प्रसंग मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा आणि उत्तर ज्याला ज्या भाषेत येईल त्यात घ्या. शिकणं इंग्रजीत, रजिस्टर कन्नडमध्ये, बाई बोलणार मराठीत; इंग्रजीत परीक्षा घेतलीत तर तुम्ही इंग्रजीच तपासाल. उत्तरं नाव झाकून दोन परीक्षकांनी वेगवेगळी तपासायची आणि त्यांचं किती जुळतं ते आकड्यात द्यायचं. तक्त्यात चार गोष्टी: माहिती बरोबर आहे का, बाईला कळेल अशी आहे का, दोष कुणावर ढकलला का, पुढचं पाऊल सांगितलं का.

निकाल मांडताना 'इतके टक्के विद्यार्थ्यांचं ज्ञान मध्यम' हे वाक्य टाळा. ५० च्या वर मध्यम आणि ७५ च्या वर उत्तम, या रेघा आपणच मारलेल्या असतात. प्रश्नवार सांगा: 'दर वेळी नव्यानं २५ टक्के' हे किती जणांना सांगता आलं, एकच जण वाहक असताना किती जणांनी लग्न मोडायला सांगितलं. गाईड 'रचनाबद्ध अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता' जोडायला सांगतील, सगळ्याच प्रबंधांत असते. जोडा, पण नंतरची चाचणी सातव्या दिवशी घेऊन थांबू नका; त्या दिवशी सगळ्यांनाच आठवतं. तीन महिन्यांनी, पोस्टिंग संपता संपता, एक फेरी घ्या.

आणि नीतिसमितीकडे अर्ज करताना एक कलम स्वतःहून घाला: विद्यार्थ्यांची स्वतःची किंवा घरच्यांची वाहक-स्थिती तुम्ही विचारणार नाही. मात्र हे भरताना एखादीला स्वतःची तपासणी करून घ्यावीशी वाटेल, तिच्यासाठी शेवटच्या पानावर एचपीएलसी कुठं होते, किती पैसे पडतात आणि रिपोर्ट कुणाच्या हातात दिला जातो, एवढं छापून ठेवा.